निबंध पाठ करू नका, बांधायला शिका
माहितीपर निबंधाची रचना : मुलांसाठी आणि त्यांच्या अम्मी-अब्बूंसाठी

परीक्षा जवळ आली की घराघरांत निबंधांची पुस्तके बाहेर निघतात. 'पाण्याचे महत्त्व', 'वाचनाचे फायदे', 'मोबाइल : शाप की वरदान' असे दहा-बारा निबंध मुले पाठ करतात. पेपरात नेमका तोच विषय आला तर ठीक. थोडा फिरवून आला की पंचाईत होते. 'पाण्याचे महत्त्व' पाठ केलेले मूल 'पाणीटंचाई का निर्माण होते?' या प्रश्नाखालीही तोच मजकूर उतरवून येते. 'पाणी म्हणजे जीवन' यापासून सुरुवात होते आणि टंचाईचे कारण काही शेवटपर्यंत येत नाही. गुण कमी पडले की घरी म्हणतात, "आपल्या मुलांची मराठी कच्ची."

मराठी कच्ची असते का? आपल्या अनेक घरांत बोली दखनी असते, कोकणात कोकणी असते, कुठे उर्दू असते, तर कुठे मराठीच असते पण गावाकडच्या वळणाची. शाळेतली मराठी त्याहून निराळी, हे खरेच. पण तेच मूल गल्लीतल्या मित्राला पायचीतचा नियम कसा सांगते ते ऐका. चेंडू कुठे पडला, पाय कुठे होता, चेंडू अडला नसता तर यष्टीवर गेला असता का, हे सगळे ते क्रमाने, न अडखळता सांगते. म्हणजे समजावून सांगण्याची कला त्याच्याकडे आहे. ती कागदावर कशी मांडायची, एवढेच त्याला कोणी दाखवलेले नसते. निबंध कच्चा राहतो तो बहुतेक वेळा भाषेमुळे नव्हे, मांडणीमुळे. आणि मांडणी शिकता येते.

माहितीपर निबंध म्हणजे काय?

शाळेत मुले अनेक प्रकारचे निबंध लिहितात. 'मी अनुभवलेला पाऊस' हे प्रसंगलेखन. 'मी वडाचे झाड बोलतोय' हे आत्मकथन. 'शाळेत मोबाइल असावा का?' यात आपले मत पटवून द्यायचे असते. माहितीपर निबंध या सर्वांपासून वेगळा आहे. त्याला विवेचनात्मक निबंध असेही म्हणतात. त्याचे काम एकच : वाचकाला ठाऊक नसलेली एखादी गोष्ट नीट समजावून देणे. ती काय आहे, कशी घडते, का घडते, दुसऱ्या गोष्टीपेक्षा वेगळी कशी, हे सांगणे.

या निबंधात 'मला वाटते' याला फारशी जागा नसते. अलंकारिक भाषेलाही नसते. वाचून झाल्यावर वाचकाने "छान लिहिले आहे" म्हणण्यापेक्षा "आता कळले" म्हणावे, ही त्याची परीक्षा.

हा प्रकार फक्त शाळेपुरता नाही. पुढे महाविद्यालयातल्या उत्तरपत्रिका, प्रकल्पाचा अहवाल, नगरपालिकेकडे द्यायचा अर्ज, नोकरीच्या जागी पाठवायचे पत्र, सगळीकडे हीच रीत लागते. आणि आपल्यासाठी आणखी एक कारण आहे. शाळेत, कचेरीत, शेजारात आपल्या मुलांना आपल्या घराबद्दल, सणांबद्दल सतत प्रश्न विचारले जातात. बरेचसे प्रश्न निव्वळ कुतूहलाचे असतात. त्यांना साध्या मराठीत, न चिडता, न गोंधळता उत्तर देता येणे ही मोठी गोष्ट आहे.

म्हणून उदाहरणासाठी असाच एक प्रश्न घेऊ. मुस्लिम मुलाला वर्गात हमखास विचारला जाणारा : "तुमचा रमजान दरवर्षी वेगळ्या तारखेला कसा येतो?" बहुतेक मुले उत्तर देतात, "चाँद दिसला की सुरू होतो." उत्तर चूक नाही, पण अपुरे आहे. चाँद तर दर महिन्याला दिसतो. मग कधी जूनमध्ये रमजान आणि कधी डिसेंबरात, असे का? यावर आपण निबंध बांधून पाहू.

पहिली पायरी : विषयाचा प्रश्न करा

'रमजान' हा विषय झाला. त्यावर शंभर पाने लिहिता येतील आणि एका पानात काहीच धड लिहिता येणार नाही. म्हणून आधी विषयाचा प्रश्न करायचा. 'रमजान दरवर्षी सुमारे अकरा दिवस आधी का येतो?' आता निबंधाला कुंपण पडले. काय आत घ्यायचे, काय बाहेर ठेवायचे, हे या प्रश्नावरून ठरते.

परीक्षेत विषय दिलेलाच असतो. तिथेही पहिले काम हेच. 'प्लास्टिक प्रदूषण' असा विषय असेल तर मनाशी विचारा : प्लास्टिक कुजत का नाही, हे सांगू? की आपल्या गावातले प्लास्टिक शेवटी कुठे जाते, ते सांगू? एक प्रश्न निवडा. कच्च्या पानावर तो प्रश्नचिन्हासह लिहा. त्याखाली त्याचे उत्तर एका वाक्यात लिहा. आपल्या विषयाचे उत्तर असे : 'हिजरी वर्ष चंद्रावर चालते आणि ते सौर वर्षापेक्षा सुमारे अकरा दिवसांनी लहान आहे, म्हणून रमजान दरवर्षी आधी येतो.' हे वाक्य निबंधाचा कणा आहे. हे लिहिता येत नसेल तर विषय अजून समजलेला नाही. निबंध सुरू करण्यात अर्थ नाही. आधी विचारा, वाचा, मग लिहा.

दुसरी पायरी : टाचण काढा

आता जे जे आठवते ते कागदावर उतरवायचे. क्रम बघायचा नाही, शुद्धलेखन बघायचे नाही. घरातली बोली मनात येत असेल तर तिच्यातच लिहा. आपल्या विषयाचे टाचण काहीसे असे निघेल :

चाँद २९ किंवा ३० दिवसांनी. बारा महिने. रोजा म्हणजे काय. सहरी, इफ्तार. हिजरी सन हिजरतीपासून, इसवी सन ६२२. २०२४ ला १२ मार्चला सुरू. दहावीची परीक्षा रोज्यात आली. दादी सांगते, पूर्वी थंडीत रोजे होते. दिवाळी मात्र ऑक्टोबर-नोव्हेंबरातच. अधिक महिना. उन्हाळ्यात रोजा मोठा. खजूर. पेशव्यांच्या कागदांत अरबी साल. ईदचा शिरखुर्मा.

या टाचणात काही गोष्टी पुस्तकातल्या आहेत, काही घरातल्या. दोन्ही उपयोगी आहेत. दादीचे 'थंडीतले रोजे' हा चांगला पुरावा आहे. फक्त तो तपासायचा. १९९७ साली रमजान खरोखरच जानेवारीत सुरू झाला होता. घरातल्या मोठ्यांना विचारून आणि जुनी दिनदर्शिका पाहून माहिती पक्की करण्याची सवय याच वयात लागते.

तिसरी पायरी : निवडा आणि वगळा

ही पायरी सर्वांत अवघड, कारण हाताशी आलेली माहिती टाकवत नाही. पण प्रत्येक नोंदीला आपला प्रश्न विचारायचा : 'रमजान आधी का येतो, हे समजायला हिची मदत होते का?'

खजूर आणि शिरखुर्मा लगेच गळतात. सहरी-इफ्तारचे वर्णनही गळते. पेशव्यांच्या कागदांतले साल मात्र मोह घालते. गोष्ट आहेच तशी रंजक. जुन्या मराठी कागदपत्रांत 'शुहूर सन' नावाची कालगणना आढळते. तिच्यात वर्षाचे आकडे अरबी शब्दांत लिहीत : इसन्ने म्हणजे दोन, सलास म्हणजे तीन, खमस म्हणजे पाच. पण हे वर्ष चंद्राचे नव्हते. सूर्य मृग नक्षत्रात गेला की ते बदलायचे, म्हणून त्याला मृगसाल म्हणत. शेतसारा पिकावर अवलंबून आणि पीक पावसावर. अकरा-अकरा दिवस सरकणाऱ्या वर्षाने सारा गोळा करता येत नाही.

माहिती सुंदर आहे, पण ती 'शेतीला सौर वर्ष का लागते?' या वेगळ्या प्रश्नाचे उत्तर आहे. शाळेच्या एका पानाच्या निबंधात ती घातली तर वाचक रमजान विसरून पेशवाईत जाईल. तिच्यासाठी वेगळी वही ठेवा, दुसरा निबंध होईल. जे चांगले आहे पण इथले नाही, ते बाजूला ठेवता आले की निम्मा निबंध जमला.

चौथी पायरी : क्रम लावा

उरलेल्या नोंदींचे तीन गट पडतात. पहिला : चंद्राचे वर्ष किती दिवसांचे, म्हणजे कारण. दुसरा : दिवाळी का सरकत नाही, म्हणजे तुलना. तिसरा : सरकण्यामुळे काय होते, म्हणजे परिणाम. हेच मधले तीन परिच्छेद.

यांचा क्रम बदलून चालेल का? परिणाम आधी सांगितला तर वाचक विचारेल, पण सरकतो का? तुलना आधी केली तर अधिक महिना कशासाठी, तेच कळणार नाही, कारण अकरा दिवसांची तूट अजून सांगितलेली नाही. म्हणून कारण, मग तुलना, मग परिणाम. क्रम ठरवण्याची साधी कसोटी ही : पुढचा परिच्छेद समजायला जे लागते ते आधीच्या परिच्छेदात आलेले असावे.

प्रत्येक विषयाला हाच क्रम लागतो असे नाही. 'बोंबील कसे सुकवतात?' असा विषय असेल तर कृतीचा क्रम : आधी काय, नंतर काय. 'हातमाग आणि यंत्रमाग' असेल तर तुलनेचा : विणण्याची रीत, लागणारा वेळ, कापडाचा पोत, मजुरी, असे एकेक मुद्दे घेऊन दोघांना शेजारी ठेवायचे. 'किल्ल्यांचे प्रकार' असेल तर वर्गवारीचा : गिरिदुर्ग, जलदुर्ग, भुईकोट, आणि प्रत्येकाचे एक उदाहरण. 'डेंग्यू कसा पसरतो?' असेल तर कारण-परिणामाचा : साठलेले स्वच्छ पाणी, त्यात एडिस डासाची अंडी, दिवसा चावणारा डास, आजार. विषय स्वतःच आपला क्रम सुचवतो. तो ऐकायचा.

पाचवी पायरी : मधला भाग आधी लिहा

मुले प्रस्तावनेवर अडतात. पंधरा मिनिटे पेन्सिल चावतात आणि शेवटी 'आजच्या विज्ञानयुगात' असे लिहून टाकतात. घरी सराव करताना मधले परिच्छेद आधी लिहा. घर बांधताना आधी भिंती उभ्या राहतात, दरवाजाचा रंग नंतर ठरतो.

एका परिच्छेदात एकच मुद्दा. पहिल्या वाक्यात तो सांगायचा, पुढे आकडा किंवा उदाहरण देऊन तो सिद्ध करायचा, आणि शेवटी तो मूळ प्रश्नाला जोडायचा. आपला पहिला परिच्छेद असा होईल :

"हिजरी वर्षाचे महिने चंद्रावरून मोजले जातात. एका अमावास्येपासून दुसऱ्या अमावास्येपर्यंत सुमारे साडेएकोणतीस दिवस लागतात. अर्धा दिवस मोजता येत नाही, म्हणून हा महिना कधी २९ दिवसांचा असतो, कधी ३०. असे बारा महिने मिळून ३५४ दिवस होतात. आपण भिंतीवर जी दिनदर्शिका लावतो तिचे वर्ष मात्र सूर्यावर चालते आणि ते ३६५ दिवसांचे असते. दोघांत अकरा दिवसांचा फरक पडतो. म्हणून रमजान दरवर्षी सुमारे अकरा दिवस आधी येतो. भारतात २०२३ मध्ये पहिला रोजा २४ मार्चला होता, २०२४ मध्ये १२ मार्चला आणि २०२५ मध्ये २ मार्चला."

या परिच्छेदात एकही अवघड शब्द नाही. गणित पाचवीच्या मुलाला करता येईल असे आहे. आणि शेवटच्या वाक्यात वाचक स्वतः तपासून पाहू शकेल असा पुरावा आहे. चौकस वाचक विचारेल, इथे आधी बारा दिवसांचा फरक आहे आणि मग दहाचा, अकरा कुठे आहेत? म्हणून 'सुमारे' हा शब्द तिथे हवाच. महिना कधी २९चा, कधी ३०चा, शिवाय दर चार वर्षांनी फेब्रुवारीत एक दिवस जास्त. त्यामुळे फरक कधी दहा, कधी अकरा, कधी बारा दिवसांचा होतो. 'सुमारे', 'बहुतेक', 'साधारणपणे' हे शब्द कुठे लावायचे आणि कुठे नाही, हे कळणे म्हणजे प्रामाणिक लिहिणे.

दुसरा परिच्छेद तुलनेचा :

"हिंदू पंचांगातले महिनेही चंद्राचेच आहेत. मग दिवाळी ऑक्टोबर-नोव्हेंबर सोडून का जात नाही? कारण पंचांगात ही तूट भरून काढतात. वर्षाला अकरा दिवस साठत गेले की पावणेतीन वर्षांत साधारण एक महिना होतो. तेवढा एक अधिक महिना घालून चंद्राचे वर्ष पुन्हा सूर्याशी जुळवून घेतात. २०२३ मध्ये श्रावण अधिक होता, २०२६ मध्ये ज्येष्ठ अधिक आहे. हिजरी वर्षात असा महिना घालत नाहीत. वर्षाचे महिने बाराच, आणि ते पुढे-मागे करायचे नाहीत, असा स्पष्ट आदेश कुरआनच्या सूरह तौबामध्ये आहे. म्हणून हिजरी महिने ऋतूंना बांधलेले नाहीत."

इथे दोन समाजांच्या दोन रीती शेजारी ठेवल्या आहेत. एकीला चांगली, दुसरीला वाईट म्हटलेले नाही. दोघांचा चंद्र एक, फक्त हिशेब पूर्ण करण्याची पद्धत वेगळी. माहितीपर निबंधात तुलना अशीच करावी. वर्गातला मित्र हा परिच्छेद वाचेल तेव्हा त्याला रमजानबरोबर स्वतःच्या घरचा अधिक महिनाही उलगडेल.

तिसरा परिच्छेद परिणामाचा :

"या सरकण्यामुळे रमजान सर्व ऋतूंमधून फिरतो. सुमारे ३३ वर्षांत त्याची एक फेरी पूर्ण होते. १९९७ साली तो जानेवारीत सुरू झाला होता, २०१६ साली जूनमध्ये, आणि २०३० साली पुन्हा जानेवारीत येईल. त्याच २०३० च्या डिसेंबरात पुढच्या वर्षाचा रमजानही सुरू होईल, म्हणजे एका इसवी सनात दोन रमजान. रोजा पहाटेपासून सूर्यास्तापर्यंत असतो, त्यामुळे ऋतूप्रमाणे त्याची लांबी बदलते. मुंबईत जूनचा दिवस सुमारे सव्वातेरा तासांचा असतो, डिसेंबरचा अकरा तासांचा. ज्याला आयुष्यभर रोजे ठेवायला मिळतात त्याच्या वाट्याला थंडी, ऊन आणि पाऊस तिन्ही येतात."

सहावी पायरी : दुवे जोडा

वरचे परिच्छेद पुन्हा पाहा. दुसऱ्याच्या सुरुवातीला 'महिनेही चंद्राचेच आहेत, मग' असे आहे. तिसऱ्याच्या सुरुवातीला 'या सरकण्यामुळे' आहे. हे शब्द लहान आहेत, पण वाचकाचा हात धरून त्याला पुढे नेतात. 'म्हणून', 'त्यामुळे', 'कारण', 'याउलट', 'उदाहरणार्थ', 'मात्र' या शब्दांची यादी मुलांनी वहीच्या मागच्या पानावर ठेवावी. पण जपून. 'म्हणून' तिथेच लिहा जिथे खरोखर कारण सांगितले आहे. 'पाणी मौल्यवान आहे म्हणून झाडे लावा' यात 'म्हणून' आहे, पण मधली साखळी तुटलेली आहे. झाडांचा आणि पाण्याचा संबंध सांगितलाच नाही.

सातवी पायरी : प्रस्तावना

मधला भाग झाला की प्रस्तावना सोपी होते. तिने दोनच कामे करायची : वाचकाच्या मनात प्रश्न जागा करायचा आणि निबंध काय सांगणार ते सुचवायचे. एक सुरुवात अशी असते : 'भारत हा सणांचा देश आहे. येथे विविध धर्मांचे लोक गुण्यागोविंदाने राहतात. रमजान हा मुस्लिम बांधवांचा पवित्र महिना आहे.' यात खोटे काही नाही, पण हीच वाक्ये ईद, दिवाळी, नाताळ कशावरही चालतील. जी सुरुवात दहा निबंधांना चालते ती एकाचीही नसते.

आता ही पाहा : "२०२४ आणि २०२५ या दोन्ही वर्षी दहावीची परीक्षा चालू असतानाच रमजान आला आणि अनेक विद्यार्थ्यांनी रोजा ठेवून पेपर लिहिले. रोजा म्हणजे पहाटेपासून सूर्यास्तापर्यंत अन्नपाण्याशिवाय राहणे. हाच महिना आमच्या पालकांच्या शाळेच्या दिवसांत थंडीत येत असे. दिवाळी आपला ऋतू सोडत नाही, मग रमजान का सोडतो? याचे उत्तर चंद्राच्या हिशेबात आहे."

चार-पाच वाक्यांत प्रसंग आला, प्रश्न आला आणि उत्तराची दिशा आली. शिवाय 'रोजा' या शब्दाचा अर्थही आला. हा मुद्दा आपल्या मुलांनी विशेष लक्षात ठेवावा. घरात रोज वापरले जाणारे शब्द, सहरी, तरावीह, जकात, अकीका, हे वाचणाऱ्या गुरुजींना किंवा मित्राला माहीत असतीलच असे नाही. शब्द टाळायचा नाही. तो आपला आहे आणि मराठीतही तो चालतो. फक्त पहिल्यांदा येईल तेव्हा त्याचा अर्थ वाक्यातच सांगायचा. वाचकाला काय ठाऊक आहे आणि काय नाही, याचा विचार करणे म्हणजेच त्याचा आदर करणे.

आठवी पायरी : समारोप

समारोपात नवी माहिती आणायची नाही आणि सांगितलेले जसेच्या तसे पुन्हा लिहायचे नाही. 'अशा प्रकारे' म्हणून उपदेश तर मुळीच नाही. सर्व मुद्दे एकत्र केल्यावर काय दिसते, ते एक-दोन वाक्यांत सांगायचे : "रमजानची तारीख बदलते असे आपल्याला वाटते, कारण आपण ती सूर्याच्या दिनदर्शिकेत शोधतो. चंद्राच्या दिनदर्शिकेत रमजान आपल्या जागेवरच असतो : वर्षाचा नववा महिना."

कण्याचे वाक्य आठवते? समारोप त्याच उत्तराशी पोहोचला आहे, पण आता वाचक ते कारणांसह जाणतो.

नववी पायरी : मोठ्याने वाचा

लिहून झाल्यावर निबंध अशा माणसाला वाचून दाखवा ज्याला तो विषय माहीत नाही. धाकटी बहीण चालेल, नानी चालेल, शेजारच्या काकू चालतील. ऐकणारा जिथे 'म्हणजे?' असे विचारेल तिथे खूण करा. ती जागा दुरुस्त करायची आहे. वाचताना स्वतःचाच श्वास अडकला तर वाक्य लांब झाले आहे. त्याची दोन वाक्ये करा. शुद्धलेखन सर्वांत शेवटी पाहा. आधीच त्यात अडकलेले मूल विचार करायचे थांबते.

परीक्षेत एवढा वेळ कुठून आणायचा, असे मुले विचारतील. निबंधाला पंचवीस मिनिटे असतील तर पाच मिनिटे प्रश्न, टाचण आणि क्रमाला द्या, सतरा मिनिटे लिहायला, आणि तीन वाचायला. पहिली पाच मिनिटे वाया गेल्यासारखी वाटतात. पण त्यामुळेच पुढे हात थांबत नाही. घरी नऊ पायऱ्या आठ-दहा वेळा करून झाल्या की परीक्षेत त्या आपोआप होतात. तिथे प्रस्तावना आधीच लिहावी लागते, पण टाचण समोर असल्याने तिचीही अडचण येत नाही.

पालकांसाठी दोन शब्द

ज्या अम्मी-अब्बूंचे स्वतःचे शिक्षण मराठीत झाले नाही, त्यांना वाटते की आपण यात काय मदत करणार? खरे तर सर्वांत महत्त्वाची मदत तुम्हीच करू शकता : ऐकणे. मूल काही सांगत असेल तर मध्येच 'बस्स, कळले' म्हणू नका. 'मग पुढे?', 'असे का?', 'म्हणजे कसे?' हे तीन प्रश्न विचारत राहा. ते कोणत्याही भाषेत विचारता येतात. मूल दखनीत उत्तर देईल, द्या देऊ. विचार बोलीत पक्का झाला की तो प्रमाण मराठीत लिहिणे हे पुढचे आणि सोपे काम आहे.

दुसरे, घरात ज्याला जे काम येते ते मुलाला समजावून सांगा आणि त्याच्याकडून लिहून घ्या. अब्बूंचे गॅरेज असेल तर पंक्चर कसे काढतात. मामू मासेमारीवर जात असतील तर भरती-ओहोटीचा अंदाज कसा बांधतात. अम्मी शिवणकाम करत असेल तर मापावरून कापड कसे बेततात. ही माहिती बाजारातल्या निबंधाच्या पुस्तकात नाही. म्हणूनच तो निबंध कोणाची नक्कल ठरणार नाही.

तिसरे, निबंध स्वतः लिहून देऊ नका आणि मोबाइलवरून उतरवू देऊ नका. वही सुंदर दिसेल, पण समजावून सांगण्याची ताकद मुलात येणार नाही. वाकडातिकडा पण स्वतःचा परिच्छेद हजारपट मोलाचा.

एक शाळकरी मुलगी काय लिहू शकते, याचा दाखला महाराष्ट्राच्या इतिहासातच आहे. जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांच्या शाळेत शिकणाऱ्या मुक्ता साळवे हिने मांग-महारांच्या दुःखाविषयी एक निबंध लिहिला. १८५५ साली तो 'ज्ञानोदय'मध्ये छापून आला. तिच्यापुढे पाठ करायला कोणता नमुना नव्हता. आपल्या लोकांवर काय गुदरते हे तिला ठाऊक होते, आणि ते कागदावर मांडायला ती नुकतीच शिकली होती. पावणेदोनशे वर्षे होत आली, तो निबंध आजही वाचला जातो.

आपल्या मुलांकडेही सांगण्यासारखे पुष्कळ आहे. सुट्टीत त्यांनी यांपैकी एक प्रश्न घ्यावा आणि वरच्या पायऱ्यांनी एक पान लिहावे : आपल्या गावाचे पाणी कुठून येते? आपल्या घरात बोलली जाणारी भाषा शाळेतल्या मराठीपेक्षा कशी वेगळी आहे? घरातल्या मोठ्यांचा व्यवसाय चालतो कसा? लिहून झाल्यावर जेवणाच्या दस्तरख्वानावर सर्वांना वाचून दाखवावे. ऐकणाऱ्यांपैकी एकजण जरी म्हणाला, "अच्छा, हे असे आहे होय!" तरी समजावे की निबंध जमला.